ताडपत्रीमागचा बेंजो

तुमच्या दारावरून कधी वरात गेली असेल आणि फडताळातल्या कपबशा आपोआप किणकिणल्या असतील, तर आपली ओळख आधीच झालेली आहे. तो आवाज माझा होता. मी बेंजो. निफाडच्या गेणू मास्तरांचा.

बेंजो म्हटलं की शहरातल्या काही मंडळींना परदेशातलं एक गोल, डफासारखं वाद्य आठवतं. त्याचं माझं काही नातं नाही. मी एक लांबट लाकडी पेटी आहे. अंगावर पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानं तारा छेडायच्या. पोटातून निघालेली वायर ॲम्प्लिफायरला जाते आणि तिथून आवाज टेम्पोवरच्या कर्ण्यांत. मग मी बोललो की पुढच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसतात. हळू बोलणं माझ्या नशिबातच नाही.

माझा जन्म जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागं एका सुताराच्या दुकानात झाला. हा सुतार एरवी देव्हारे करायचा. त्यामुळं माझ्या बाजूला त्यानं सवयीनं एक छोटी महिरप कोरून टाकली. गेणू मास्तर तेव्हा मिसरूड फुटलेले तरुण होते. ती महिरप बघून ते म्हणाले, "यात देव ठिवायचा का तारा?" सुतार म्हणाला, "वाजवायला लागलास की कळंल." मास्तरांनी मला छातीशी धरून एसटीनं निफाडला नेलं. कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे. मास्तर म्हणाले, "धंदा."

आणि धंदा चाललाही. "गेणू बेंजो पार्टी" असं टेम्पोवर लिहिलं गेलं. ढोल बारकूकडं होता. बारकू मास्तरांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो बोलायचा कमी, पण ढोलावर मात्र कुणाला बोलू द्यायचा नाही. ऑर्डरी घेण्याचं काम मास्तरांच्या बायकोकडं, लंकाबाईंकडं. फोनवर त्या इतक्या गोड बोलायच्या की एकदा चुकून लागलेला नंबरसुद्धा ऑर्डर देऊन बसला होता.

मास्तरांचा हात सिनेमाच्या गाण्यांवर बसलेला. त्यांचं वाजवणं म्हणजे मनातल्या मनात गाण्याचे शब्द म्हणत बोटं चालवणं. ओठ हलायचे, तशी बोटं हलायची. नवरदेवाच्या घोड्यापुढं आम्ही नुसते उभे राहिलो तरी गुडघे दुखणाऱ्या आत्या नाचायला यायच्या.

मग डीजे आला. त्याच्यापुढं आमचा आवाज म्हणजे चुलत्यानं लाउडस्पीकरपुढं आशीर्वाद द्यावा तसा. ऑर्डरी आटल्या. मास्तर द्राक्षबागेत औषध फवारणीला जायला लागले. बारकूनं रसवंती टाकली. मला एका जुन्या साडीत गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवलं.

त्या काळात मला हात लावायची ती सरिता, मास्तरांची मुलगी. पंचविशीतली, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये घड निवडायला जायची. संध्याकाळी आली की मला खाली काढायची, तारांखाली फडकं कोंबायची म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये, आणि वाजवायची. मास्तरांना ते माहीत होतं. घरात ते काही बोलत नसत. पण एकदा तिनं विचारलं, "आबा, मी येऊ का एखाद्या सुपारीला?" तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"टेम्पोवर उभी ऱ्हाऊन वाजवशील? उद्या स्थळं येतील तुला. काय सांगू, पोरगी वरातीत वाजवती?"

सरितानं फडकं आणखी घट्ट कोंबलं. बस, एवढंच.

अशातच ते वेड आलं.

कुठून आलं ते मला नक्की सांगता येणार नाही. कुणीतरी म्हणे मोबाईलवर एका सासूचा व्हिडिओ टाकला. मधुमेहवाली सासू दुपारच्या वेळी चोरपावलांनी फ्रिजकडं जाते आणि श्रीखंडाचा डबा काढते. त्याच्याखाली कुणा जुन्या काळच्या गुप्तहेरांच्या सिनेमाला शोभेलसं संगीत. दबकत दबकत पुढं जाणारं, मध्येच दचकणारं, पुन्हा भिंतीला चिकटून उभं राहणारं. झालं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या हेरांनी पुन्हा कोटाची कॉलर वर केली. नाशकात कॉलेज रोडला पोरं काळे चष्मे लावून कॉफी प्यायला लागली. कुणाच्याही फोनची रिंग वाजली की वाटायचं, आता खून पडणार.

लग्नाळू मंडळी तर पार खुळावली. प्रत्येक नवरदेवाला मांडवात हेरासारखं शिरायचं होतं. आता मला सांगा, हेरानं म्हणजे कुणाला न कळता यायचं ना? हे येणार फटाके लावून, धूर सोडून, ड्रोन उडवून. पण माणसांना लपण्यापेक्षा लपताना दिसण्याचीच हौस जास्त.

आणि त्या संगीताला लागतो तो तारेचा धातूसारखा, झणझणीत, थोडासा भुताटकीचा आवाज. डीजेच्या मशिनातून तो गुळगुळीत निघायचा. कुणाला तरी आठवलं की असा आवाज बेंजोचा असतो. लंकाबाईंचा फोन पुन्हा वाजायला लागला.

"व्हय, ते दबकत चालायचं गाणं ना? वाजवितो की," त्या बेधडक सांगायच्या. मास्तरांना विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मास्तरांनी मला कोठीवरून उतरवलं, नव्या तारा चढवल्या, मोबाईल समोर ठेवला आणि सुरुवात केली. ती सुरुवात आठवली की आजही माझी बटणं आखडतात. त्या चालीत सूर एकमेकांना खेटून होते. एका बटणावरून शेजारच्यावर सरकायचं, लगेच माघार घ्यायची, मग अचानक लांब उडी. मास्तरांचं बोट दोन बटणांच्या मध्ये पडायचं आणि माझ्या तोंडून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज यायचा.

"याला शब्दच नाय," मास्तर घाम पुसत म्हणाले. "शब्द नाय तर बोट ठिवू कुठं?"

बारकू म्हणाला, "मनात शिव्या दे."

तोही प्रयत्न करून झाला. शिव्या चालीत बसल्या, पण बोटं बसली नाहीत.

सरिता उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. आबा हात धुवायला उठले तशी ती बसली आणि तीच चाल तिनं पहिल्या फटक्यात वाजवली. फडकं न कोंबता. बारकूनं न सांगता ढोल ओढला. मास्तर ओल्या हातांनी दारात उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्यात आनंद होता, आणि आणखीही काही होतं.

तोड काढली लंकाबाईंनी. मास्तरांकडं माझ्या आधीचा एक जुना, तडकलेला बेंजो होता. तारा होत्या, जीव नव्हता. तो मास्तरांनी गळ्यात अडकवायचा आणि टेम्पोपुढं उभं राहून नुसती बोटं हलवायची. त्याची वायर दिसायला म्हणून टेम्पोच्या बंपरला बांधायची. आणि मला घेऊन सरितानं मागं, ॲम्प्लिफायरच्या आडोशाला, ताडपत्रीच्या पडद्यामागं बसायचं.

"लोकांना काय कळतंय," लंकाबाई म्हणाल्या.

म्हणजे बघा, हेरांच्या संगीताचा सगळा तालुका नाद करत होता, पण खरी हेरगिरी फक्त आमच्याच टेम्पोत चालू होती.

आत आम्ही तिघं. द्राक्षाच्या पालथ्या क्रेटवर सरिता, तिच्या मांडीवर मी, आणि शेजारी लंकाबाई. ताडपत्रीला एक फट होती. तिला डोळा लावून त्या बाहेरची खबर द्यायच्या. "नवरा हालला. थांबला. चष्मा पडला. उचलतोय. आता वाजव, आता वाजव." त्यावर सरिता वाजवायची, बाहेर बारकू ढोलानं साथ द्यायचा, आणि मास्तर बोटं नाचवायचे.

लग्नालाच नाही, कशालाही बोलवायला लागले. एका डोहाळजेवणात पेढा की बर्फी हे बघताना आम्ही वाजवलं. वाटीवरचं झाकण उचलायला त्या बाईनं इतका वेळ लावला की तिच्या नवऱ्याला घेरी आली. एका पतसंस्थेच्या चेअरमननं वाढदिवसाला हीच चाल मागितली. चेअरमन काळा चष्मा लावून दबकत केकजवळ आले आणि सगळे सभासद एकमेकांकडं बघायला लागले. पुढच्या वर्षी त्यांनी भजन ठेवलं.

कौतुक मात्र मास्तरांचं व्हायचं. "वा मास्तर, हात आहे का मशीन," लोक म्हणायचे. सुरुवातीला मास्तर अवघडायचे. मग सवय झाली. मग गोडी लागली. एकदा तर त्यांनी तो मुका बेंजो डोक्याच्या मागं धरून बोटं हलवली. टाळ्यांचा पाऊस पडला. आत सरितानं घाम पुसला आणि आईला विचारलं, "मास्तर कोण गं आपल्यात?"

लंकाबाई फटीला डोळा लावूनच बसल्या.

त्याच दिवशी घरी आल्यावर मास्तर समाधानानं म्हणाले, "आज लय भारी वाजलं."

"कुणाचं?" सरिता म्हणाली.

मास्तरांनी टोपी खुंटीला लावली, काढली, परत लावली. पुढं काही दिवस ती आबांशी कामापुरतंच बोलत होती. माझ्या तारांना मात्र ती सगळं सांगायची. त्या दिवसांत मी फार कर्कश वाजलो असेन, तर तो दोष तारांचा नव्हता.

मग आलं सिन्नरचं लग्न.

नवरदेव हर्षल, तिथल्या कारखान्यात नोकरीला. वधू निकिता, सटाण्याकडची. हर्षलनं आपल्या एन्ट्रीची तयारी परीक्षेसारखी केली होती. काळा कोट, काळा चष्मा, दोन्ही बाजूंनी धुराची मशिनं. गालिच्यावरून दबकत यायचं, मध्ये एक कोलांटी मारायची आणि स्टेजवर उडी. गोरज मुहूर्त होता. निकिता स्टेजवर शालू सावरत उभी, आणि वऱ्हाडाच्या हातात मोबाईल तयार.

मास्तरांनी मान हलवली. सरितानं सुरुवात केली.

मशिनवाल्यानं धूर जरा सढळ हातानं सोडला. आधी गालिचा दिसेनासा झाला, मग नवरदेव. मग वारं फिरलं आणि सगळा धूर आमच्या ताडपत्रीत शिरला. लंकाबाई पदर तोंडात कोंबून खोकायला लागल्या. तशातच त्यांनी ओढणी पाण्यात भिजवून सरिताच्या नाकातोंडाला गुंडाळली, पण तिनं वाजवणं सोडलं नाही. त्या धुरात, त्या काळ्या चष्म्यात हर्षलला काही दिसेना. तो चालीच्या तालावर दबकत दबकत निघाला तो थेट जेवणाच्या मंडपाकडं. लंकाबाईंनी फटीतून बघितलं आणि खोकत सांगितलं, "बाई, नवरा जिलबीकडं चाललाय."

"तो येईस्तोवर वाजवावं लागंल," सरिता म्हणाली.

ती वाजवत राहिली. चाल संपवता येईना, कारण चाल संपायची ती नवरा स्टेजवर चढल्यावर. म्हणून तिनं ती फिरवली, वळवली, तिच्यात स्वतःच्या जागा घातल्या. इतकी वर्षं मी मास्तरांच्या हाताखाली काढली, पण माझ्यात असं काही आहे हे मलाच माहीत नव्हतं.

बाहेर निकिताचे आजोबा काठी टेकत मास्तरांपुढं आले. धोतर, पांढराशुभ्र फेटा, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी काठी काखेत धरली आणि मास्तरांना हात जोडले.

गेणू मास्तर आहेत साध्या वळणाचे. म्हाताऱ्या माणसानं हात जोडले तर आपण जोडायचे, एवढं त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी पटकन दोन्ही हात जोडले, कमरेत वाकले.

आणि मी वाजत होतो. त्याच घटकेला सगळ्यात अवघड जागा आली होती. पाण्याच्या धारेसारखे सूर पडत होते, आणि मास्तर हात जोडून उभे.

पहिल्यांदा हे दिसलं पुंजामामांना. हर्षलचे मामा, मोठा आवाज आणि त्याहून मोठ्या मिशा. त्यांनी मास्तरांच्या हातांकडं बघितलं, मग वर कर्ण्यांकडं.

"ओ मास्तर, हात तर हितं हायेत. मग वाजतंय काय?"

मास्तरांनी घाईघाईनं हात बेंजोवर ठेवले. पण आता सगळा मांडव तिकडंच बघत होता. मामा वायरीच्या मागं मागं चालत गेले आणि वाकले.

"वायर तर बंपरला बांधलीय."

ढोल थांबवून बारकू म्हणाला, "ती अर्थिंग हाय."

माणसं हसली. पण मामा हसले नाहीत. "टेप लावलाय यांनी. मोबाईलवरचं गाणं लावून वर बोटं नाचवत्यात. आमच्या भाच्याच्या लग्नात फसवणूक करता का, मास्तर? आम्ही काय येडे हाय?"

आतमध्ये सरिताचा हात थांबला. आवाज बंद झाल्यावर तर मामांची खात्रीच पटली. ते ताडपत्रीकडं निघाले. लंकाबाईंनी सरिताचा दंड धरला. "बोलू नको. टेप हाय म्हणंल तो. हसतील आन सोडून देतील."

आणि खरंच, तेवढं म्हणणं सोपं होतं. टेप आहे म्हटलं असतं तर चार लोक हसले असते, दोन शिव्या मिळाल्या असत्या, घरची गोष्ट घरात राहिली असती. माझं काय, मी पेटी. पण सरिताचा कान ताडपत्रीला लागला होता. ती ऐकत होती आबा काय म्हणतात ते.

मास्तर मामांच्या आडवे आले. मग त्यांनी गळ्यातला मुका बेंजो काढला आणि बारकूच्या हातात दिला.

"टेप नाय," ते म्हणाले. "माझी पोरगी वाजवती. मला नाय जमत ते."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ताडपत्री वर केली.

धुराचा एक लोट बाहेर पडला. त्यामागं क्रेटवर सरिता, नाकातोंडाला ओढणी, मांडीवर मी, आणि बाजूला डोळ्यांतून पाणी काढत खोकणाऱ्या लंकाबाई. त्या अख्ख्या लग्नात खऱ्या हेरासारखं कुणी दिसत असेल तर आम्हीच. मामा मिशीवर हात ठेवून बघत राहिले.

"हिनं वाजविलं? मग वाजव बरं," ते म्हणाले.

सरितानं आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. तिनं ओढणी खाली ओढली, एक मोठा श्वास घेतला आणि जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं. या खेपेला बारकूनं ढोल असा दिला की रसवंतीत एवढा जोर कशासाठी राखून ठेवला होता ते कळलं.

स्टेजवरून निकिताचा आवाज आला. माईक तिच्या हातात होता. "मामा, तुम्ही बाजूला व्हा आणि ताईंना पुढं बसवा. तिकडं नवरा हरवलाय, त्याला आवाज तरी येऊ द्या."

मग काय, पुंजामामांनी स्वतः क्रेट उचलला आणि गालिच्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. उघड्यावर, सगळ्यांसमोर, सरिता मला मांडीवर घेऊन बसली. माझी वायर खरोखर ताणली गेली. थोड्या वेळानं जिलबीच्या दिशेनं एक काळा कोट दबकत आला. बाहीला पाक लागला होता. त्यानं ठरल्याप्रमाणे कोलांटी मारली, ती जरा वाकडी झाली, आणि तो वधूच्या पायांशी येऊन थांबला.

"या," निकिता म्हणाली. "सापडलात."

परतीच्या वाटेवर मास्तर पुढं केबिनमध्ये बसले. नायगावच्या फाट्यावर टेम्पो चहाला थांबला. मास्तर दोन कप घेऊन मागं आले, एक लंकाबाईंना दिला, एक सरिताला.

"उद्यापासून ताडपत्री काढून टाकू," ते म्हणाले.

"आन ऊन लागंल ना तिला," लंकाबाई म्हणाल्या.

"मग छत्री लावू."

सरिता चहात बघत म्हणाली, "छत्री नको आबा. बटणं दिसत नाय सावलीत."

एवढंच बोलणं झालं. पण तिनं तो चहा फार सावकाश प्यायला, आणि मास्तर कप परत नेण्यासाठी तिथंच उभे राहिले.

आता माझं वय झालंय. महिरपीचा एक कोपरा उडालाय, एका बटणाखाली रबराचा तुकडा लावलाय, पावसाळ्यात माझा एक सूर थोडा कण्हतो. हेरांचं वेडही ओसरलं. गेल्या हंगामात एका नवरदेवानं विहिरीतून वर यायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी त्याला भुताचं संगीत हवं होतं. लंकाबाई म्हणाल्या, "वाजवितो की." वेडं येतात आणि जातात. टेम्पोवर आता "सरिता बेंजो पार्टी" आहे. मास्तर वायरी सांभाळतात, आवाज कमीजास्त करतात, आणि गाण्यांची फर्माईश आली तर मला मागून घेऊन ओठ हलवत एखादं जुनं वाजवतात.

माझी तुमच्याकडं मागणी फार नाही. वरात दारावरून गेली तर कानांवर हात ठेवा, ते मला समजतं. पण नुसत्या कर्ण्यांकडं बघून आत जाऊ नका. खाली, वायर जिथून निघते, तिथं कुणीतरी माणूस बसलेलं असतं. त्याच्याकडं एकदा बघा.

गेल्या महिन्यात निकिताच्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही सटाण्याला गेलो होतो. सरिता टेम्पोवर उभी राहून वाजवत होती. गर्दीत मास्तरांशेजारी एक अनोळखी म्हातारा उभा होता. बराच वेळ ऐकून त्यानं आपल्या अहिराणीत विचारलं, "हाई कोनी पोर शे?" ही कुणाची पोर आहे, असं.

मास्तर निफाडचे. अहिराणी त्यांना येत नाही, आणि सोयऱ्यांत कुणी बोललं तर ते नुसते हसतात. 'माझी'ला तिकडं 'मनी' म्हणतात, एवढंच काय ते त्यांच्या कानावरून गेलेलं. पण त्या दिवशी ते चवड्यांवर उंच झाले आणि माझ्याही वर आवाज चढवून ओरडले.

"मनी शे," ते म्हणाले. "मनी."